भिंतीवरची अठ्ठावीस नावं

"वर्गातील डिजिटल साधनांचा वापर : माझे चिंतन" या मथळ्याची दोन पानं मी आमच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्राला लिहून दिली आणि मला वीसपैकी अठरा गुण मिळाले. आमच्याकडे अठरा कुणाला देत नाहीत. वीस देवाला, एकोणीस मास्तरांना आणि उरलंसुरलं विद्यार्थ्याला, अशी म्हणच आहे. माझ्या मैत्रिणींनी केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले.

ती दोन पानं खोटी आहेत. त्यातलं एक वाक्य काढून कुणाला 'हे खोटं' म्हणता येणार नाही, इतक्या हुशारीने खोटी. खरं काय झालं ते आता लिहिते. याला गुण नाहीत, आणि हे कुणी मागितलेलंही नाही.

मी घिझलान, मेक्नेस शहरातली. शेवटच्या तीन महिन्यांच्या सरावासाठी केंद्राने मला डोंगरातल्या ऐत वरार गावच्या शाळेत धाडलं. सहावीचा वर्ग, अठ्ठावीस मुलं, मधोमध लाकडाची शेगडी, आणि सी बस्सू. सी बस्सू तिथले जुने शिक्षक; 'सी' मानाने लावतात, तसं मला पोरं 'उस्ताजा', म्हणजे बाई, म्हणायची. तीस वर्षं एकाच वर्गात उभे होते. त्यांच्या हाताखाली मी शिकायचं आणि शेवटी इन्स्पेक्टर येऊन माझा एक पाठ बघणार, अशी पद्धत. त्या पाठावर पास-नापास.

सी बस्सूंची सगळी विद्या पाट्यांवर चाले. हातात एक लाकडी पट्टी. गणित तोंडी सांगायचे आणि पट्टी टेबलावर टक् करायचे. मुलं पाटीवर उत्तर लिहायची. दुसरा टक्, की अठ्ठावीस पाट्या एकदम वर. सी बस्सू डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायचे, शेतावरून पाखरांचा थवा जावा तशी. तिसरा टक्, पाट्या खाली. मग फळ्यावर बरोबर उत्तर, आणि ज्याचं चुकलं तो स्पंजने पुसून दुरुस्त करायचा. पाटीचं तोंड मास्तरांकडे, मागच्याला नुसती पाठ दिसते. कुणाचं चुकलं ते सी बस्सूंना कळायचं आणि ज्याचं चुकलं त्याला. तिसऱ्याला नाही.

मी सुद्धा अशाच पाट्यांवर शिकले, आम्ही सगळेच शिकलो. पण केंद्रात सहा महिने प्रोजेक्टर आणि मोबाईलचं शिक्षण घेतल्यावर मला ते बघून हसू यायचं. मनात म्हणायची, म्हातारा अजून टकटक करतोय आणि जग कुठे गेलं. त्यांच्यापुढे मात्र "वा सी बस्सू" म्हणायची. उलट त्यांनी मला शेगडीजवळची खुर्ची दिली होती, आणि स्वतः दाराशी वाऱ्यात बसायचे.

दुसऱ्या महिन्यात मी माझं अस्त्र बाहेर काढलं. केंद्रातून छोटा प्रोजेक्टर आणला. प्रत्येक मुलाला एक जाड कागदाचं कार्ड. कार्डावर काळी चौकटीची नक्षी, चार बाजूंना अलिफ, बा, जीम, दाल ही चार अरबी अक्षरं, आणि कोपऱ्यात नंबर. भिंतीवर प्रश्न यायचा. जे उत्तर वाटेल ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायची, आणि क्षणात भिंतीवर सगळ्यांची नावं : बरोबरवाल्याचं हिरवं, चुकलेल्याचं लाल. शेवटी पहिल्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत क्रम. शिवाय मी मुलांच्या आयांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप काढला होता. रोज त्या भिंतीचा फोटो त्यात टाकायची. बहुतेक आयांना वाचता येत नाही, त्या बोलूनच निरोप पाठवतात. पण लाल-हिरवं कुणालाही वाचता येतं. मला वाटलं, किती छान सोय झाली.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आपापल्या नंबराचं कार्ड घ्या." आमच्या पोरांना आपला हजेरीतला नंबर नावासारखा पाठ असतो. पहिलीपासून तोच चालत येतो. एका मिनिटात कार्डं वाटून झाली. त्या एका मिनिटात सगळा घात झाला होता, पण ते मला कळायला आठवडा जायचा होता.

भिंतीवर पहिला आला झैद झरवल.

झैद म्हणजे वर्गातला झोपाळू. पहाटे मेंढरांमागे जायचा आणि वर्गात झोप पुरी करायचा. भिंतीवर आठपैकी आठ आणि पुढे त्याचं हिरवंगार नाव बघून पोरांनी बाकं बडवली. झैद डोळे चोळत उभा राहिला. "उस्ताजा, मला तर काहीच येत नव्हतं. मी आपलं कार्ड फिरवलं."

मी सगळ्यांना म्हटलं, "बघा, याला म्हणतात विनय."

आणि शेवटचं नाव होतं तूदा वझीन.

तूदा खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसायची. अकरा वर्षांची, बोलणं मोजून-मापून. आईबरोबर मागावर गालिचे विणायची, त्यामुळे अंगठा कायम लोकरीच्या रंगात. तिच्यात सी बस्सूंचा जीव होता. त्या गावात शाळा सहावीपर्यंत. पुढची शाळा तीस किलोमीटरवर, शहरात. तिथे मुलींचं एक वसतिगृह आहे आणि आमच्या शाळेच्या वाट्याला दरसाल एक खाट येते. ती खाट तूदाला मिळावी म्हणून सी बस्सू दोन वर्षं तिच्या वडिलांच्या, हद्दूच्या, मागे लागले होते. हद्दू कधी हो म्हणायचा, कधी माग दाखवायचा. अखेर यंदा तो तयार झाला होता. फॉर्मवर फक्त सही बाकी होती. शेवटची तारीख पुढच्या आठवड्यातला शनिवार.

हे सगळं मला माहीत होतं. सी बस्सूंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

त्या दिवशी तास संपल्यावर तूदा टेबलाशी आली. "उस्ताजा, मी बरोबर धरलं होतं."

"काय बरोबर धरलं होतंस?"

"तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जीम होतं ना? मी जीमच धरलं होतं. आणि पाचव्याला दाल."

पोरं घोळका करून उभी होती. मला घाई होती, फोटो ग्रुपमध्ये टाकायचा होता. मी भिंतीकडे बोट केलं आणि म्हटलं, "तूदा, मशीन खोटं बोलत नाही. खोटं माणसं बोलतात."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरं खो खो हसली. तूदा हसली नाही, रडलीही नाही. तिने हातातल्या कार्डाकडे बघितलं, ते उलटून मागची बाजू बघितली, आणि टेबलावर ठेवून गेली.

दुपारी चहाच्या वेळी सी बस्सू म्हणाले, "पोरी, झैद्या पहिला?"

"हो ना! दडलेली हुशारी होती. आजवर कुणाला दिसली नाही."

"झैद्याला मी सहा वर्षं बघतोय. त्याच्या बापालाही मीच शिकवलंय. त्या घराण्यात सात आठे किती ते अजून कुणाला सापडलेलं नाही."

मी हसले नाही. मी म्हटलं, "सी बस्सू, राग मानू नका, पण तुम्ही मुलांवर आधीच शिक्का मारून ठेवता. मशीन तसं करत नाही."

म्हातारा ग्लासातल्या पुदिन्याकडे बघत राहिला. "असेल. माझे डोळे जुने झाले. पण माझ्या पाटीवर तूदाचं चुकत नाही. एकदा बघून घे बाई काय भानगड आहे ती."

मी बघितलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. पण बघायचं म्हणजे त्यांचं बरोबर असू शकतं हे मान्य करायचं, आणि तेवढं माझं नाक खाली यायला तयार नव्हतं.

असे पाच दिवस गेले. रोज झैद पहिला, रोज तूदा तळाला. झैदच्या आजीने माझ्यासाठी रुमालात बांधून अंडी पाठवली. मी ती उकडून खाल्ली आणि चिंतनाच्या वहीत लिहिलं : "यंत्राच्या निःपक्षपाती नजरेने झैदसारख्या दुर्लक्षित मुलाला न्याय मिळाला." तूदाबद्दल लिहिलं : "काही मुले पारंपरिक पद्धतीत शिक्षकाच्या सवयीमुळे हुशार भासतात." हे वाक्य मी स्वतः रचलं. मला ते फार आवडलं होतं.

मग आला गुरुवार, इन्स्पेक्टरांचा.

तो महिना मेंढरं वरच्या कुरणात चढवण्याचा. झैद आदल्या संध्याकाळीच मामाबरोबर मेंढरं घेऊन डोंगरावर गेला होता. हजेरी सी बस्सूंनी घेतली. मी वायरी जोडत होते, पडदे ओढत होते, माझं लक्षच नव्हतं. इन्स्पेक्टर मागच्या बाकावर बसले. जाडे, चष्मेवाले, स्वभावाने चांगले. अपूर्णांकांवर आठ प्रश्न. मी मोबाईल फिरवला. भिंतीवर क्रम झळकला.

पहिला : झैद झरवल. आठपैकी आठ.

इन्स्पेक्टर टाळ्या वाजवत उठले. "वा! आठपैकी आठ! कोण हा झैद? उभा राहा बाळा, बघू तरी."

वर्गात कुणी हललं नाही.

मी झैदच्या जागेकडे बघितलं. जागा रिकामी. भिंतीकडे बघितलं. नाव हिरवं. आणि माझी पाचावर धारण बसली, कारण सगळं एकदम उलगडलं.

आमच्याकडे एका वर्गाच्या दोन याद्या असतात. हजेरीची यादी अरबी अक्षरांच्या क्रमाने. मुलांचे नंबर त्यातले. आणि कॉम्प्युटरातली फ्रेंच अक्षरांत. मी मशीनमध्ये फ्रेंच यादी टाकली होती, ती त्याने आपल्या क्रमाने लावून घेतली. अरबी यादीत तूदा वझीन सगळ्यात शेवटची, अठ्ठाविसावी. फ्रेंच यादीत अठ्ठाविसावा झैद झरवल. पोरं बिचारी हजेरीच्या नंबराचं कार्ड धरत होती आणि मशीन दुसऱ्याच यादीतलं नाव पुकारत होतं. तूदाची सगळी उत्तरं झैदच्या नावावर. फ्रेंचमध्ये वझीन 'ओ' या अक्षराने सुरू होतं, म्हणून तिथे तूदा एकोणिसावी, आणि तिच्या नावावर हजेरीतल्या एकोणीस नंबरच्या अय्यादची उत्तरं. अय्यादला अपूर्णांक म्हणजे काय हेच माहीत नाही. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाला पाच दिवस मी दुसऱ्याच कुणाचे तरी गुण दिले होते.

"अरे, लाजतोय की काय?" इन्स्पेक्टर हसत म्हणाले. "झैद कोण आहे?"

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं : साहेब, चूक झालीये, तो आज आलेलाच नाही. पण माझं तोंड उघडेना. मी मुलांकडे बघितलं. कसं बघितलं असेल ते त्यांनाच ठाऊक. त्या डोंगरात पाहुण्यापुढे यजमानाची मान खाली जाऊ देत नाहीत, घरात भाकरी नसली तरी 'आत्ताच जेवलो' म्हणतात. पोरं तेच दूध पिऊन वाढलेली.

खिडकीजवळच्या पहिल्या बाकावरचा अय्याद उभा राहिला. "मी, साहेब."

"शाब्बास झैद!" इन्स्पेक्टर पुढे आले. "मग सांग बघू, बाराचे तीन चतुर्थांश किती?"

अय्यादने माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. त्याचे कान लाल झाले. मी खडू इतका घट्ट धरला की तो मोडला. तेवढ्यात त्याच्या मागच्या बाकावरून, ओठ न हलवता, कुणीतरी श्वासासारखं काहीतरी सोडलं.

"नऊ," अय्याद म्हणाला.

इन्स्पेक्टरांनी त्याची पाठ थोपटली. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. उत्तर पुरवणारी तूदा पण टाळ्या वाजवत होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती काळजी होती, माझी काळजी. खोटं माणसं बोलतात हे मी तिला चारचौघांत ऐकवलं होतं, आणि त्या दिवशी अठ्ठावीसमधली सत्तावीस मुलं माझ्यासाठी खोटं बोलली.

इन्स्पेक्टरांनी माझ्या वहीत "उत्कृष्ट" लिहिलं, सी बस्सूंबरोबर चहा घेतला आणि गेले. जाताना म्हणाले, सोमवारी सकाळी शेरा केंद्रात पोचेल.

वर्ग रिकामा झाल्यावर सी बस्सू शेगडीतली राख काढत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "याद्या ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"आज कळलं. झैद्या डोंगरावर आणि भिंतीवर एकाच वेळी असायला तो काही संत-वली नाही. आता काय करतेस?"

"सांगते ना. सगळ्यांना सांगते. ग्रुपमध्ये पण सांगते."

"कधी?"

मी पिशवी आवरत म्हटलं, "साहेबांचा शेरा एकदा केंद्रात पोचू दे. सोमवार."

राखेचं फावडं थांबलं. "परवा शनिवार आहे. हद्दूच्या सहीचा."

"तो करेल हो सही. तुम्ही दोन वर्षं समजावलंय. चार फोटोंनी काय होतंय?"

सी बस्सूंनी फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "मी इन्स्पेक्टरला सांगितलं तर तू बुडतेस. माझ्या वर्गात पाहुणी आलेली मुलगी मी बुडवणार नाही. पण हे काम तुझं आहे, पोरी. माझ्याने होणार नाही."

शुक्रवारी मी काही बोलले नाही. मशीनमधली यादी मात्र गुपचूप बदलली. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे त्या दिवशी फोटोच टाकला नाही. एका आईने विचारलं तर म्हटलं नेट नाही. शनिवार-रविवार मेक्नेसला घरी गेले. आईने कुसकुस केला होता. मी झोपलेसुद्धा व्यवस्थित, हे लिहायला सगळ्यात जास्त लाज वाटते.

सोमवारी तूदाची जागा रिकामी होती.

"शनिवारी मी गेलो होतो," सी बस्सू म्हणाले. एवढंच.

आणि तरीही मी लगेच उठले नाही. आधी मधल्या सुट्टीत केंद्रात फोन लावला. "घिझलान? हो, तुमचा शेरा आला, नोंदवला," तिथली बाई म्हणाली. मग मी हद्दूच्या घरी निघाले. हा क्रम मी कुणाला सांगितलेला नाही. आधी फोन, मग तूदा.

घर चढावर होतं. दार उघडंच. आत मागावर तूदा आणि तिची आई इत्तो शेजारी-शेजारी बसून गाठी मारत होत्या. मला बघून इत्तो लगबगीने उठली. "या, या उस्ताजा! तूदा, चहा ठेव." ब्रेड आला, लोणी आलं, मध आला. हद्दू बाहेरून हात पुसत आला, माझ्या तब्येतीची, आईवडिलांची, मेक्नेसच्या हवेची चौकशी केली. मी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा माझ्या हातात लोण्याचा घास आला.

शेवटी सांगितलं. "हद्दूकाका, चूक झाली होती. दोन याद्यांची गडबड झाली. तूदा शेवटची नव्हती. ती पहिली होती. रोज."

मागावरचा हात थांबला. हद्दूने किटली उंच धरून ग्लासात चहा ओतला, फेस येईपर्यंत. "याद्यांची चूक."

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

काय उत्तर द्यायचं याचा मी विचार केला. खरंच केला. आज सकाळी म्हटलं असतं तर चाललं असतं. पण तूदा माझ्याकडे बघत होती.

"गुरुवारी," मी म्हटलं.

"आणि आज सोमवार."

"हो."

त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "शनिवारी सी बस्सू इथे बसले होते. तुम्ही बसलाय तिथेच. म्हणाले, हद्दू, माझ्या शब्दावर सही कर. मी म्हटलं, सी बस्सू, तुम्ही तिला लेकीसारखी मानता, तुमच्या डोळ्यांना ती हुशारच दिसणार. मशीन काही तिचं कुणी लागत नाही. मशीन रोज शेवटची म्हणतंय. शेवटची पोर शहरात पाठवून मी लोकांना काय तोंड दाखवू? एवढा मोठा माणूस, माझा मास्तर तो. पहिल्यांदा माझ्या घरातून चहा न घेता गेला. आणि त्याने तुमचं नावसुद्धा काढलं नाही."

इत्तो म्हणाली, "जाऊ द्या हो. पाहुण्या आहेत. उस्ताजा, मध घ्या ना."

मी तूदाकडे वळले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तू पहिली होतीस, तूदा. तुला माहीत होतं ना?"

"पहिल्या दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. मग लोकरीचा धागा दातांनी तोडून म्हणाली, "नंतर वाटलं, मला गणित येतं पण मशीनला मी आवडत नाही."

हद्दूने फॉर्म मागितला. मी तो सी बस्सूंकडून आणला होता. त्याने भिंतीला टेकवून सही केली, मोठ्या वाकड्या अक्षरांत, आणि माझ्या हातात दिला. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या टॅक्सीने शहरात गेले. वसतिगृहाच्या बाईंनी यादी दाखवली. शनिवारी आमच्या शाळेकडून काही आलं नाही म्हणून सोमवारी सकाळी ती खाट पलीकडच्या गावच्या मुलीला दिली होती. त्या मुलीचं नाव यादीत निळ्या शाईने लिहिलेलं होतं. मी विनवण्या केल्या, रडलेही. बाई म्हणाल्या, "मग आता त्या मुलीला खाटेवरून उठवू का?"

ग्रुपमध्ये मी निरोप बोलून टाकला. तो मी चार वेळा रेकॉर्ड केला. पहिल्यात 'माझी चूक' होती, 'गुरुवारी कळलं तरी मी गप्प बसले' हेही होतं. चौथ्यात उरलं ते असं : "प्रिय मातांनो, तांत्रिक कारणामुळे काही गुण चुकीचे दिसले होते, तूदा वझीन प्रत्यक्षात पहिली आहे." चौथाच पाठवला. अल्लाह तुमचं भलं करो, अशी तेवीस उत्तरं आली. इन्स्पेक्टरांना मी पत्र लिहिलं, त्यात अय्यादचंही सगळं खरं लिहिलं. मनातून वाटत होतं, आता शिक्षा होईल आणि हे ओझं उतरेल. त्यांनी फोन केला आणि हसले. "अहो, नवीन आहात, होतं असं. पोरं मात्र गुणी आहेत हं तुमची! शेरा काही मी बदलत नाही. हीच अडचण तुमच्या चिंतनात लिहा, परीक्षकांना आवडतं."

मी लिहिली. "साधन वापरताना यादीच्या क्रमाची अडचण आली. ती शोधून वेळीच दूर केली. यातून साधनापेक्षा शिक्षकाची सजगता महत्त्वाची, हे शिकले." वेळीच, असा शब्द मी लिहिला. अठरा गुण त्याचेच.

तूदा पुढच्या वर्षी जाईल असं सी बस्सू म्हणतात. दुपारी ते तिला स्वतःच्या घरी शिकवतात. हद्दू पुढच्या वर्षाबद्दल काही बोलत नाही. इत्तोने मोठ्या गालिचाचं काम घेतलंय, त्याला दोन माणसं लागतात.

निकालाच्या दिवशी आयांच्या ग्रुपमध्ये माझ्यासाठी अभिनंदनाचे निरोप येत होते. इत्तोच्या फोनवरून आलेल्या निरोपात आवाज तूदाचा होता. शाळेत धडा वाचतात तशी स्वच्छ, सावकाश अरबी, आणि मागे माग ठोकल्याचा आवाज. "उस्ताजा, आई म्हणते, मुबारक असो. आई म्हणते, आमच्या मुलांना शिकवून तुम्ही पास झालात याचा आम्हाला अभिमान आहे. आई म्हणते, या बाजूला आलात तर चहाला या." मग घरच्या बोलीत, अगदी हळू : "तुमच्या परीक्षेत काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही."

त्याला आता तीन आठवडे झाले. मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.